हॉलमधला शनिवार: प्रोजेक्टर, पडदा आणि चिठ्ठ्या

सांगलीत विश्रामबागला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. आमच्या इमारतीतली सात-आठ माणसं घरी काय काय सिनेमे बघतात आणि रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये त्यावर भांडतात. गंमत अशी की दोघांनी एकच सिनेमा पाहिलाय असं क्वचितच असतं. म्हणून ठरवलं, शनिवारी रात्री आमच्या हॉलमध्ये सगळ्यांनी एकच मराठी सिनेमा बघायचा आणि मग काय ते बोलायचं. इचलकरंजीच्या मित्राला हेच त्याच्या घरी करायचंय. या नोंदी मुख्यतः त्याच्यासाठी, म्हणजे तो तरी माझ्यासारखे पैसे घालवणार नाही.

७ जून २०२५

ऑनलाइन मागवलेला छोटा एलईडी प्रोजेक्टर आला. ६,४९९ रुपये. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के सपोर्टेड’. भिंतीवर चित्र पडलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी सिनेमाची नामावली लावली तर एक नाव वाचता येईना. फोकस फिरवून फिरवून बोट दुखलं. मग खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडलं: मूळ रिझोल्यूशन ८०० बाय ४८०. ‘सपोर्टेड’चा अर्थ एवढाच, की फोर-केचं चित्र आत घेईल आणि बाहेर काढताना त्याचं पिठलं करील.

परत केला. पैसे यायला अकरा दिवस लागले. विकत घेताना ‘नेटिव्ह’ (म्हणजे मूळ रिझोल्यूशन) किती ते विचार, बाकी आकडे सोडून दे.

१४ जून

प्रोजेक्टर नाही म्हणून ४३ इंची टीव्हीवरच ‘श्वास’ लावला. २००४चा, संदीप सावंतांचा. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला मराठी सिनेमा. नऊ माणसं, त्यातली चार जमिनीवर. पहिली दहा मिनिटं सगळं एखाद्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसत होतं. ही टीव्हीची करामत. चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसडतो. सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं काहीतरी असतं, ते बंद केलं आणि सिनेमा सिनेमासारखा दिसायला लागला.

खरा बिघाड नंतरचा. दिवे लागले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मामांनी (एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो) जाहीर केलं, ‘डॉक्टरचं काम बेस, पण रडवायचा धंदा जरा जास्त आहे.’ झालं. पुढचा पाऊण तास सगळे रडवणं जास्त की कमी यावरच बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सिस्टर भेटल्या. सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या. म्हणाल्या, ‘गावाकडनं आलेलं माणूस वॉर्डात कसं उभं राहतं, कुणाला काय विचारावं ते कळत नाही, ते आजोबा झालेल्या नलावड्यांनी बरोब्बर पकडलंय. मी तर रोज बघते.’ मी विचारलं, काल का नाही बोललात? ‘तुमचं वेगळंच चाललं होतं की.’

म्हणजे प्रोजेक्टरइतकंच याचंही काहीतरी करायला हवं.

२१ जून

कोल्हापुरात एक कोचिंग क्लास बंद झाला, त्यांचा जुना लॅम्पवाला प्रोजेक्टर ९,००० ला मिळाला. उजेड ३,००० ल्युमेन, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८. चित्र चौकोनी आकाराचं, म्हणजे चारास तीन. मेनूत लॅम्प वापरल्याचे तास ३१० दाखवत होते, मी खूश. (ही खुशी २६ जुलैपर्यंत टिकली.)

घरी आणून मोजमाप केलं तर कपाळाला हात. क्लासचा हॉल लांब, आमचा अकरा फुटी. हा प्रोजेक्टर जेवढ्या अंतरावर ठेवाल त्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं चित्र देतो. मागे त्याचा पंखा श्वास घेणार, तेवढी जागा सोडली की भिंगापासून पडद्यापर्यंत दहा फूट. म्हणजे चित्र पाच फूट रुंद. पसरट फ्रेमचा सिनेमा लावला तर उंची जेमतेम दोन फूट. एवढ्यासाठी टीव्ही काय वाईट होता?

बायको म्हणाली, ‘स्वयंपाकघराच्या दारातून टाका की.’ फ्रिजवर ठेवला. चौदा फूट मिळाले, चित्र सात फुटांचं. चोख. पण दर वीस मिनिटांनी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की पडद्यावर भूकंप. शेवटी सुताराकडून दाराच्या वर फळी ठोकून घेतली, ७०० रुपये. आधी आणलेली पाच मीटरची केबल आता पुरेना, ती ३५० ची वाया. दहा मीटरची ८५० ला आणली.

घ्यायच्या आधी टेप घेऊन खोली मोज. मी नंतर मोजली.

२८ जून

पडदा. कापड पेठेत मांजरपाट घेतला. पन्हा ४८ इंच, म्हणून दोन तुकडे आडवे जोडून शिवले. शिलाईसकट ६४०. दुपारी ताणून बांधला तेव्हा शिवण दिसतसुद्धा नव्हती. रात्री चित्र पडलं आणि शिवण बरोबर माणसांच्या ओठांवर. जो बोलेल त्याला बारीक मिशी. शिवाय कापड पातळ, आमची भिंत पोपटी, त्यामुळे सगळे थोडे आजारी दिसत होते.

सिनेमा ‘किल्ला’, अविनाश अरुणचा. कोकणातला पाऊस, बदली होऊन आलेली आई आणि तिचा मुलगा. या सिनेमात गोष्ट कमी आणि हवा जास्त, आणि मला तो म्हणूनच आवडतो.

चिठ्ठ्यांची पद्धत आजपासून. दिवे लावायच्या आधी मोबाईलच्या उजेडात प्रत्येकाने लिहायचं, टोपलीत टाकायचं, मग तोंड उघडायचं. पहिल्या दिवशी दहापैकी गुण मागितले. नऊ चिठ्ठ्यांत सात जणांनी सात दिले. सात म्हणजे ‘यजमानाला वाईट वाटू नये’ एवढंच. गुण रद्द. पुढच्या वेळी दोनच प्रश्न: कुठली जागा घरी घेऊन चाललात? आणि घड्याळाकडे किंवा मोबाईलकडे कधी पाहिलं? दुसरा प्रश्न जास्त कामाचा निघाला. माणूस सिनेमाला नावं ठेवायला लाजतो, घड्याळ पाहिलं हे मात्र खुशाल सांगतो.

एक चिठ्ठी फार कडक होती. ‘संथ. काही घडत नाही. पाऊस तर नुसता टपटप.’ लिहिणारा तळमजल्यावरचा इंजिनिअर पोरगा. शनिवारी आलाच नव्हता, आधी पाहिलाय म्हणून चिठ्ठी तेवढी पाठवली. कुठे पाहिलास? सांगली ते स्वारगेट बसमध्ये, फोनवर, दीडपट वेगाने. अरे बाबा, दीडपट वेगाने पाऊस टपटपच करणार!

म्हणून तिसरा प्रश्न वाढवला: कशावर पाहिला, किती बैठकांत, कुठल्या वेगाने. हे न लिहिलेली चिठ्ठी वहीत चिकटवायची नाही.

५ जुलै

उद्या आषाढी, म्हणून ‘संत तुकाराम’. प्रभातचा, १९३६चा, दामले-फत्तेलाल यांचा. १९३७ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला.

मधल्या आठवड्यात पडदा बदलला होता. इचलकरंजीहून मोठ्या पन्ह्याचं चादरीचं कापड आणलं (९८०), मागे काळं अस्तर (४२०), खालच्या बाजूला पीव्हीसी पाइपमध्ये वाळू भरून वजन (दोरीसकट १८०). मिशी गेली, पोपटी रंग गेला. पहिल्यांदाच हे केलं असतं तर एक शनिवार आणि ६४० रुपये वाचले असते.

आता चित्र ताणलेलं. विष्णुपंत पागनीस चांगलेच गुटगुटीत दिसत होते. आईने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, ‘तुकोबा इतके जाड कसे? घरात खायला नाही ना?’ टीव्हीच्या काडीने (इंटरनेटवरून सिनेमा लावायची स्टिक) जुनं चौकोनी चित्र ओढून पसरट केलं होतं. सेटिंग शोधायला पंचवीस मिनिटं गेली, कारण एक आकार काडीत बदलायचा असतो आणि एक प्रोजेक्टरमध्ये, आणि मी दोन्ही एकाच वेळी बदलत बसलो होतो. एका वेळी एकच बदल. सापडल्यावर मात्र क्लासचा चौकोनी प्रोजेक्टर या सिनेमाला अंगासरशी बेतल्यासारखा बसला. कडेला काळी पट्टी नाही, काही नाही.

चिठ्ठ्या बहुतेक जिजाईवर. नऊपैकी सहा. तुकोबांवर दोनच. सिस्टरांची चिठ्ठी: ‘देवावर चिडायचा हक्क तिलाच आहे, कारण पोरांना जेवायला तीच घालते.’

आणि मग वाद. आईचं म्हणणं, ‘आधी बीज एकले’ हा तुकाराम महाराजांचाच अभंग, ती लहानपणापासून म्हणत आलीय. मी म्हणालो, तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला. गाथा काढली. साडेचार हजारांवर अभंग. मागच्या सूचीत ‘आ’ खाली बोट फिरवत मामा, आई आणि मी अर्धा तास. नाही सापडला. आई म्हणाली, ‘ही प्रत अपुरी असेल.’ पुढच्या शनिवारी मामा त्यांच्या घरची प्रत घेऊन आले. त्यातही नाही. आईने चिठ्ठीवर लिहिलं, ‘ज्याने लिहिला तो वारकरीच असणार.’ ती चिठ्ठी वहीत पहिल्या पानावर लावलीय.

१२ जुलै

लाइट गेली. मामांची गाथा, चहा, पांगापांग.

१९ जुलै

‘सामना’. जब्बार पटेल, तेंडुलकर, एका बाजूला निळू फुले आणि दुसऱ्या बाजूला श्रीराम लागू. साखर कारखान्याच्या जिल्ह्यात बसून हा सिनेमा बघायचा म्हणजे दर पाच मिनिटांनी कुणीतरी ‘हा आमच्या तालुक्यातला अमुक’ म्हणणारच. म्हणाले.

चिठ्ठ्यांमध्ये तिघांनी रंगाचं कौतुक केलं. ‘जुन्या फोटोसारखा तपकिरी रंग मस्त ठेवलाय’, ‘धुरकट वातावरण छान’. मलाही तसंच वाटलं आणि मी मान डोलावली. मास्तर मारुती कांबळेचं काय झालं विचारतात तेव्हा तो काळवंडलेला प्रकाश अंगावर येतो, असं मी स्वतःच्या चिठ्ठीत लिहिलंसुद्धा.

२६ जुलै

प्रोजेक्टर लावला, फट्ट असा आवाज, जळकट वास, लाल दिवा. लॅम्प गेला.

दुरुस्तीवाला हसला. मेनूतले तास कुणीही शून्यावर आणू शकतं, म्हणाला. काच बघा. बल्बची आतली बाजू करपली होती. ‘महिनाभर चित्र पिवळं पडत गेलं असेल, कळलं नाही?’ नवा लॅम्प ३,८०० रुपये.

घरी येऊन ‘सामना’ची पहिली दहा मिनिटं परत लावली. स्वच्छ काळा-पांढरा. तपकिरी काहीही नाही. त्या तीन चिठ्ठ्या आणि माझी चौथी, सगळ्या मरत्या लॅम्पवरचं रसग्रहण. फाडणार होतो, पण नाही फाडल्या. खाली लाल पेनने ‘लॅम्प’ असं लिहून ठेवलंय.

जुना प्रोजेक्टर घेताना एक पांढरा कागद पडद्याला लावून त्यावर पांढरं चित्र टाक आणि नुसत्या डोळ्यांनी बघ. तासांवर विश्वास ठेवू नकोस.

९ ऑगस्ट

‘सैराट’. एकशे चौऱ्याहत्तर मिनिटं, म्हणून साडेआठलाच सुरू.

दोन तयाऱ्या केल्या होत्या. एक, आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर. तो मुलाच्या वाढदिवसाला आलेला, म्हणून फुकट. फुकटचं महाग पडतं. ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. नाचाच्या गाण्यात चालून गेलं, पण परशा आणि आर्ची बोलायला लागले की दोघं डब केलेली वाटायची. मध्यंतरात साधी आवाजाची वायर लावली, २२० रुपये, ओठ जागेवर.

दुसरी तयारी, लाइट गेली तर. लॅम्पवाला प्रोजेक्टर झटकन बंद पडला की पंख्याला आतली उष्णता बाहेर काढायला वेळ मिळत नाही आणि लॅम्पचं आयुष्य घटतं. घरचा इन्व्हर्टर होता, पण लाइट गेली की तो यायच्या आत प्रोजेक्टर बंद व्हायचा. म्हणून कॉम्प्युटरचा यूपीएस आणला, २,८००. तीन दिवसांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला माणूस आला. त्याने मागचं एक छोटं बटण दाखवलं, एका बाजूला ‘इको’, दुसऱ्या बाजूला ‘यूपीएस’. ते सरकवलं की इन्व्हर्टर इतक्या पटकन येतो की प्रोजेक्टरला पत्ता लागत नाही. बटण सरकवायला शून्य रुपये. यूपीएस आता राउटरखाली बसलाय.

आणि मग शेवट. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, शेवटी आवाज काढून घेतलाय. ते लहान मूल, ते पाय. हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. तेवढ्यात मामा उठले, अंधारात चाचपडत स्पीकरपाशी गेले आणि पिन हलवायला लागले. ‘वायर सुटलीया वाटतं.’ खर्रर्र असा आवाज. मी ओरडलो, ‘मामा, राहू दे!’

मामांचा काय दोष? दीड तास आवाज मागे-पुढे झाल्यावर, मध्यंतरात मी स्वतः वायर बदलल्यावर, आवाज गेला तर माणूस वायरच बघणार. दोन महिने मी या लोकांना शिकवलं होतं, की पडद्यावर काही विचित्र झालं तर ती आमच्या घरची चूक असते.

मामांची चिठ्ठी: ‘शेवट पाहिला नाही. वायर बघत होतो.’

२३ ऑगस्ट

‘फँड्री’. यंत्रणेने काहीही त्रास दिला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. गोष्टीतलं कुटुंब डुकरामागे धावत असताना शाळेतलं राष्ट्रगीत ऐकू येतं आणि ते कुटुंब जिथल्या तिथे थांबतं, त्या जागी समोरच्या फ्लॅटमधले आजोबा उठून ताठ उभे राहिले. सिनेमाच्या आतलं राष्ट्रगीत असेल तर उभं राहायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंय, पण हे काय त्या वेळी सांगायचं असतं? ते बरोबर किरणाच्या वाटेत उभे. पडद्यावर ते कुटुंब स्तब्ध, त्यांच्यावर आजोबांची सावली स्तब्ध. कुणी हसलं नाही. चार चिठ्ठ्यांत तीच जागा आहे, आणि त्यांनी नेमकं काय पाहिलं, सिनेमा की आजोबा, ते मला विचारता आलं नाही.

फळी आणखी फूटभर वर घ्यायला हवी. अजून घेतली नाही.

३० ऑगस्ट

गणपती. मंडळाची पोरं म्हणाली, काका, गच्चीवर मोठा पडदा लावू, सगळ्या कॉलनीला बोलवू. घरात चार माणसांनी बघणं वेगळं आणि मांडव घालून दाखवणं वेगळं, त्याला सिनेमाच्या हक्कदाराची परवानगी लागते. नाही म्हणालो, थोडा रुसवा झाला. हॉलमध्येच ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ पासून पाठ असलेला सिनेमा, सगळे पात्रांच्या आधी बोलत होते. चिठ्ठी एकानेही लिहिली नाही. बरोबर आहे.

६ सप्टेंबर

विसर्जन, सुट्टी. हिशेब केला. प्रोजेक्टर, लॅम्प, दोन्ही पडदे, अस्तर, पाइप, फळी, तिन्ही वायरी आणि यूपीएस धरून १९,९४०. त्यातले ३,७९० निव्वळ वाया: शिवणीचा पडदा, आखूड केबल, यूपीएस. कोल्हापूरच्या फेऱ्या आणि चहा-साखर मोजलेली नाही, बायकोने मोजलीय.

१३ सप्टेंबर

‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेचा. कॅमेरा एका जागी ठेवून समोरचं संपेपर्यंत बघत राहणारा सिनेमा. मामांना आवडणार नाही असं धरून चाललो होतो.

मामा हलले नाहीत. उलट इंजिनिअर पोराने दोनदा घड्याळ पाहिलं (त्याच्याच चिठ्ठीत आहे, प्रामाणिक पोरगं). सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटकाला जातात, या भागाबद्दल तीन चिठ्ठ्या, तिन्ही बायकांच्या. एका चिठ्ठीत फक्त ‘ती दमलेली आहे म्हणून तिला माफ करावं का?’ एवढंच.

पण शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होऊन राहतो. आमचा जुना प्रोजेक्टर, त्याचा काळा म्हणजे राखाडी. सिस्टरांना वाटलं संपलं. पहाटेची ड्युटी, त्या उठल्या. त्यांच्यामागून आजोबाही. अंधारात टोपलीत चिठ्ठ्या टाकून दोघं निघून गेली. मी उठून थांबवणार होतो, पण ‘सैराट’ची आठवण झाली आणि बसून राहिलो. काळोखानंतर न्यायाधीश सहलीला जातात, ती अख्खी सहल दोघांची बघायची राहिली.

सिस्टरांची चिठ्ठी: ‘दिवे घालवून संपवलं ते आवडलं. पुढे काय होणार ते आपल्याला माहीतच आहे.’ आजोबांची: ‘न्याय सुट्टीवर गेला. योग्य शेवट.’

मी सहलीचा भाग सांगितला नाही. खरं सांगायचं तर सांगावासा वाटेना, त्यांचा शेवट वाईट नव्हता.

२० सप्टेंबर

राहवलं नाही. नेहमीच्या सिनेमाआधी ‘कोर्ट’चा काळोखापासूनचा तुकडा लावला. बागेतल्या बाकावर न्यायाधीश डुलक्या घेतायत, पोरं ओरडून उठवतात, आणि जे हाताला लागतं त्याला चपराक बसते. आजोबा मोठ्याने म्हणाले, ‘हां!’ आणि कोरी चिठ्ठी मागून घेतली.

सिस्टरांनी नवी लिहिली नाही. ‘माझी तीच राहू दे,’ म्हणाल्या, ‘फक्त खाली लिहा, दिवे गेल्यावर उठले होते.’

लिहिलं. लाल पेनने.